पान एकशे बारा

रावेरच्या वाचनालयात दर गुरुवारी सहा वाजता
आम्ही सात-आठ जण एक पुस्तक मोठ्यानं वाचतो.
पंखा एकच. तो किरण सपकाळेच्या डोक्यावर,
कारण तो परीक्षेचा अभ्यास करायला येतो
आणि ऐकत नसल्यासारखं ऐकतो.

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
पुस्तकात मात्र बर्फ पडत होतं,
चाळीस पानं झाली तरी थांबेना.
तुळशीराम बारी म्हणाले, बर्फ म्हणजे मला
लग्नातल्या सरबताची लादी माहीत, भुश्यात गुंडाळलेली.
आख्ख्या गावावर लादी? मग माणसं दार कसं उघडतात?
आम्ही हसलो. वाचन पुढे सरकलं.

पान एकशे बारा. मुलगा गेल्याची तार येते.
आई उंबऱ्यातच कोसळते, हंबरडा फोडते,
असं छापलेलं.
सुलभा झांबरे वाचता वाचता अडखळल्या.
समासात शिसपेन्सिलीनं, बारीक, उजवीकडे कललेलं:
*आसं नही ऱ्हास. तव्हय रडू येत नही.*

ही बोली आमच्या इकडची नव्हे.
तापी ओलांडून आलेली.

'पुस्तकात लिहिणाऱ्यास पाच रुपये दंड',
भिंतीवरची पाटी माझ्याच अक्षरात आहे.
मी खोडरबर काढला.
राहू द्या, पुंडलिक भंगाळे म्हणाले.

ते केळीच्या काट्यावर असतात, तीस वर्षं.
बोलतात तेही तोलून.
म्हणाले, भाऊ वारल्याचा निरोप आला
तेव्हा गाडी काट्यावर उभी होती.
मी वजन पुरं केलं.
एक्केचाळीस क्विंटल वीस किलो.
त्या वर्षातलं दुसरं काही मला आठवत नाही.

रेहाना तडवी नर्स आहे, रात्रपाळीला जायची घाई होती,
तरी बसली.
निरोप मीच देते ना, म्हणाली,
लोक आधी चप्पल शोधतात.
एका बाईनं मला विचारलं,
सिस्टर, डबा आणला होता, त्याचं काय करू?

पण माझी आई तर ओरडली होती बुवा, तुळशीराम म्हणाले,
अगदी छापलंय तश्शी. तीन गल्ल्या गोळा झाल्या.
मग वाद. कोण खरं, कुणाचं दुःख जास्त रीतसर.
सुलभाबाई म्हणाल्या, लेखकानं पाहिलं तेच लिहिलं असेल.
"पाहिलं असेल. झालं नसेल."
हे किरण. वर्षभरातलं त्याचं पहिलं वाक्य,
वहीतून मान वर न करता.
कुणी त्याला काही विचारलं नाही.
सुलभाबाईंनी पंख्याचं बटण एकानं वाढवलं.

बर्फ त्या संध्याकाळी तिथंच थांबलं.

कुलूप लावण्याआधी मी पुस्तकाची चिठ्ठी पाहिली.
अकरा नावं.
त्यात पारोळ्याकडून इकडे दिलेल्या दोघी.
एक माझ्याच गल्लीतली,
रोज नळावर भेटते, पाणी कमी आलं म्हणते.
चिठ्ठी मी परत पुस्तकाच्या खिशात सरकवली
आणि नळावर
पाणी कमी आलं, एवढंच म्हणत राहिलो.

पोळ्यानंतर पुस्तक पुन्हा कुणी नेलं, आणून दिलं.
मी सवयीनं पान उघडलं.
पेन्सिलीच्या खाली निळ्या पेनानं,
मोठं, शाळा अर्ध्यात सोडलेलं अक्षर.
बोली इकडची:
*येतं. मंग येतं. भाकरी मोजता मोजता*
*येक जास्त व्हते, तव्हा.*

दोघी एकमेकींना ओळखत असतील का?
एकाच बाजारात एकाच पाटीतली वांगी
दोन्ही बाजूंनी निवडत असतील.

दंडाच्या वहीत मी दहा रुपये भरले, माझेच.
नावाचा रकाना कोरा ठेवला.
मग बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसलो.

पान एकशे बारावर अजून
दोन बोटं जागा आहे.
मी काही लिहिलं नाही.
अजून तरी.